दोघांत एक पंप

पुणे ते गोवा आणि परत, चार दिवसांची सायकलफेरी संपवून नातजावई वारज्याला पोहोचला, तेव्हा मुदत संपत आली होती. टाळ्या वाजल्या, गळ्यात पदक पडलं. मी विचारलं, "निनादराव, आमची केतकी कुठे राहिली?" "शिरवळला तिची सायकल पंक्चर झाली, आजी. थांबलो असतो तर दोघंही बाद झालो असतो. जादा ट्यूब आहे तिच्याकडे, बदलून येईल." तरुणपणी आम्ही मैत्रिणी सायकलींवरून हडपसरच्या कारखान्यात जायचो. एकीची चेन पडली तरी सगळ्या थांबायचो, मुकादम कितीही ओरडो. निघताना ओझं नको म्हणून या दोघांनी माझ्यासमोरच हवेचा एकच पंप घेतला होता. तो पंप आता निनादच्या सायकलच्या दांडीला बांधलेला होता. "आजी, फोटो काढता ना?" त्यानं पदक पुढे धरलं. "काढते की. सायकल जरा वळवा, पंप दिसू दे."