पलंगाला लावलेला कॅमेरा

ट्रायपॉडचे पाय आईच्या खोलीत मावेनात. ताई दोनदा अडखळली. "अरे, आईच्या आधी मलाच पाठवतोस की काय!" यावर आईसुद्धा हसली.

म्हणून मी कॅमेरा क्लॅम्पने पलंगाच्या पायथ्याच्या दांडीला आवळला. दुकानात बसल्या बसल्या मोबाइलवर अंथरुणाला खिळलेली आई दिसायची.

चूक लगेच कळली. आईने श्वास घेतला की पलंग किंचित हले, आणि त्याबरोबर सगळं चित्रच हले. उशी, भिंत, खिडकी. ती चूक मी मुद्दामच सुधारली नाही. चित्र हलतंय म्हणजे आई आहे.

मग एका दुपारी दोन हेलकाव्यांमधलं अंतर वाढत गेलं. मी दुकान उघडं टाकून धावलो. पोचेपर्यंत चित्र थांबलं होतं.

आज तिला अखेरचं पोचवून घरी आलो. पलंग रिकामा. सवयीने मोबाइल उघडला.

चित्र हलत होतं.

"ताई, पलंगाला हात लाव."

तिने लावला. "कुठे काय? हलत नाहीये रे. काढून टाक आता तो कॅमेरा."

"हात लावू नकोस त्याला!"

उशी, भिंत, खिडकी. वर, खाली. मी बघत बसलो.

मग अंतर वाढू लागलं. अगदी त्या दुपारसारखं.

मी दांडी धरून पलंग गदागदा हलवू लागलो. त्याचे पाय फरशीवर आपटत होते. ताई रडत मला मागे ओढत होती. "सोड रे बाळा. सोड तिला."

मोबाइलवर माझा एकही धक्का उमटत नाहीये. भिंत फक्त सावकाश वर गेली आहे, आणि ती खाली यायची मी वाट बघतोय.