चतुराबाईंचे गुडघे

डॉक्टरीणबाईंनी सासूला बाहेर बसायला सांगितलं. चतुराबाई जागच्या हलल्या नाहीत.

घरी दीपमालाने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं होतं. नाशिक रोडला एकटीच जाऊन येणार होती, तर सासूबाई आधीच चपला घालून फाटकात उभ्या. आणि एरवी गुडघ्यांचं रडगाणं गाणारी ही बाई दवाखान्याचा जिना तिच्याआधी चढली.

शेवटी मान खाली घालून तिने सांगितलं. अंगावरून पांढरं जातं. नासक्या मासळीसारखा वास येतो. तुरटीच्या पाण्याने, साबणाने आतून धुऊन पाहिलं, तर वास वाढतच गेला.

घरचा मळा मोगऱ्याचा, हार देवळात जाणारे. अशा अंगाने देवाच्या फुलांना हात लावायचा नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. म्हणून पाठदुखीचं निमित्त करून ती हार ओवायला बसत नव्हती. चतुराबाईंनी तर गुडघ्यांपायी ते काम कधीच सोडलेलं. दूर खाटेवर बसून त्या सगळ्यांवर नजर ठेवायच्या. हल्ली ती नजर दीपमालावरून हलत नव्हती. नवरा शेखर फुलांचा टेम्पो घेऊन गावोगाव फिरणारा. काही वाईट निघालं तर बोट कुणाकडे वळेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला माहेरी धाडायला कितीसा वेळ लागणार?

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. नमुना काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तेवढा वेळ चतुराबाई पदराचं टोक पिळत होत्या. तिकडे बघायचा दीपमालाला धीर होईना.

"घाबरू नकोस. यात कुणाचं वाकडं पाऊल नाही आणि विटाळ तर नाहीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आत चांगले जंतू असतात, ते कमी झाले की वाईट माजतात. धुऊन धुऊन तिने चांगले जंतूच घालवले होते. आठवडाभर गोळ्या घ्यायच्या, तुरटी बंद.

दीपमालाला रडू फुटलं. तेवढ्यात चतुराबाई उठल्या आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली. आता सुटका नाही, असं वाटून दीपमाला भिंतीला टेकली.

सासूने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या सरळ तपासणीच्या टेबलाशी गेल्या.

"माझे गुडघे कधी दुखलेच नाय, बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मलाबी तपासा."