साहेबाचा शब्द

“पेजेत मीठ नाही,” डेनिस कुरकुरला. मीठ होतं. पण घरात आज कशाला तरी नावं ठेवणं भागच होतं, आणि पेज उलटून बोलत नाही.

कुडाच्या आड त्याची मुलगी ज्युलियाना बोचकं बांधत होती. बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. संध्याकाळच्या गाडीनं तिला इगतपुरीला जायचं होतं. ती रेल्वेच्या ज्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला होती, त्याची तिकडे बदली झाली होती आणि आया म्हणून तो तिला नेणार होता. मड्डम पोरांना घेऊन कधीच विलायतेला गेली होती. पोरंच नाहीत तर आया कशाला, हे सगळ्या माजिवड्यात कुणी विचारलं नव्हतं. साहेबानं तिच्या भावाला, गॅब्रिएलला, रेल्वेत चिकटवलं होतं. ते कसं जमलं, हे मात्र सगळ्यांनी विचारलं होतं.

“साहेब नक्की काय म्हणाला रे?” डेनिसनं विचारलं.

“म्हणाला, तुझ्या बहिणीवर माझी फॅन्सी आहे.” गॅब्रिएल पाद्रीबाबांच्या शाळेत शिकलेला. “फॅन्सी म्हणजे आवड, बाबा. साहेबलोक टोपीला म्हणतात, घोड्याला म्हणतात, पुडिंगलाही म्हणतात. त्यात वाईट काही नाही.”

बोलताना त्याचे घारे डोळे जमिनीकडे होते. त्या डोळ्यांचं गावाला भारी कौतुक. पोर्तुगीज रक्त वर आलं म्हणायचं, असं बाया बोलत आणि घाईनं विषय बदलत.

ज्युलियानानं बोचक्याची गाठ पुन्हा सोडली. घोड्याला निदान लाथ मारता येते. तिला चिरुटाचा वास आठवला. आधी वास यायचा, मग दारात सावली. परवा सावलीनं आतून कडी लावली होती. खानसाम्यानं बाहेरून हाक मारली, म्हणून ती सुटली. हे तिनं आईला सांगितलं होतं. आई नुसती तिसऱ्यांचे शिंपले फोडत राहिली होती.

आताही अ‍ॅग्नेस उंबऱ्याशी बसून तिसऱ्याच फोडत होती. खट्. खट्. लग्नाआधी, ठाण्याच्या खाडीवर रेल्वेचा पूल होत होता तेव्हा, तीही पुलाच्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला होती. त्या दिवसांचं ती कधी काही सांगत नसे.

“ज्युली, चल गं,” गॅब्रिएल म्हणाला. “गाडी चुकेल.”

ज्युलियाना बोचकं घेऊन बाहेर आली. पुढे पाय उचलेना.

खट् थांबलं.

अ‍ॅग्नेस उठली. ओल्या हातानं तिनं गॅब्रिएलची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड दारातल्या उजेडाकडे फिरवलं. उभ्या संसारात तिनं नवऱ्याला ‘गॅब्रूच्या बापा’ याखेरीज दुसरी हाक मारली नव्हती.

“ज्युलीच्या बापा,” ती म्हणाली, “पुलाच्या साहेबाचीपण माझ्यावर फॅन्सीच होती. हे डोळे त्याचे आहेत.”