एकमताचा फोटो

तेलाच्या पाइपलाइनची गळती चोवीस तासांत दुरुस्त करायला लावणारा नवा कायदा येणार होता. त्यावर गावाचं म्हणणं ऐकायला लोणारहून साहेब आले, तेव्हा कंपनीच्या माणसानं त्यांच्यापुढं एक फोटो ठेवला.

"गावची सभा झाली, साहेब. एवढ्या कडक कायद्याची गरज नाही, असं सगळ्यांनी हात वर करून सांगितलं."

कलाबाई आपल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेऊन आली होती. तिनं झाकण उघडलं तसा खोलीभर पेट्रोलचा वास सुटला. मग तिनं फोटो डोळ्यांजवळ धरला.

"हे कायची सभा? हे तं आमचं कीर्तन हाय. महाराजानं नामाचा गजर कराले सांगतला, म्हून हात वर केले आमी. देवासाठी उचललेले हात चोरता का बापा तुमी?"

साहेबांनी सप्ताह समितीच्या अध्यक्षांकडे, पंजाबरावांकडे पाहिलं. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का.

"सभाच होती, साहेब," पंजाबराव म्हणाले. मग कलाबाईकडे झुकून हळूच बोलले, "बस न माय आता. पुढच्या सप्ताहाचा मांडव हेच लोकं देऊन राह्यले."