पदकाची कड

वाचकहो, एका पदकाचा निवाडा येथे नम्रपणे निवेदन करीत आहे.

माझ्या जुन्या वस्तूंच्या दुकानी एक वृद्धा पतीचे युद्धपदक घेऊन आली. "धाकटा दीर म्हणतो, नवऱ्यानं हे विकत आणलं. खरं काय ते सांगा, दादा."

अस्सल पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक कोरलेला असतो. ही कड गुळगुळीत होती. "मावशी, नंबर नाही. नकली आहे."

"नंबर होता की! दर दसऱ्याला पूजेआधी चिंचेनं घासते मी, चाळीस वर्षं."

मी चपापलो. भिंगातून पुन्हा पाहिले. पुसट रेघ दिसली. ती अंकाची की ओरखड्याची, हे ठरेना.

"अस्सल आहे, मावशी. दिराला माझ्याकडे पाठवा."

तेव्हापासून दारात पाऊल वाजले, की दीरच आला असे वाटून मी दचकून वर पाहतो.

वाचकांचा ऋणी,
सोपान घोलप