बेचिराग

पटकीनं केवळाबाईचा नवरा नेला, लेकरं नेली, सारं गावच नेलं. उरलेली माणसं नायगावला राहायला गेली. केवळाबाईही गेली, पण रोज दिवेलागणीला येऊन जुन्या घराच्या उंबऱ्यावर पणती लावायची. आज तिच्या ओट्यावर निजाम सरकारचे मोजणी अमीन दत्तोपंत नकाशा पसरून बसले होते. पणती लावून तिनं विचारलं, "गावाच्या नावापुढं काय लिवून राहिले, अमीनसाब?" "बेचिराग. म्हणजे ज्या गावात दिवा लागत नाही, ते." "आन् ह्यो?" तिनं पणती पुढं केली. त्यांचा टाक थांबला. "बाई, इथं राहतं कोण?" तिनं उघड्या दारांवरून नजर फिरवली. "कुणीच न्हाई." "तुम्ही?" "मी बी न्हाई." वाऱ्यानं नकाशाचं टोक फडफडलं. तिनं पदरानं ज्योत मालवली आणि ती पणती त्या टोकावर वजनाला ठेवली. "कागद उडायचा न्हाई," ती म्हणाली. "लिवा आता."