आजच्या हवेची खोली

दोन्ही कुंड्यांतल्या सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी तिनं तिसऱ्यांदा मोजल्या. इकडे चाळीस, तिकडे एकेचाळीस. ब्लेडनं कापून पाहिल्या, तर आतून दोन्हीकडच्या सारख्याच लालसर.

हे व्हायलाच नको होतं. एक कुंडी आजच्या हवेच्या काचखोलीतली, दुसरी पन्नास वर्षांनंतरच्या हवेच्या खोलीतली. तिथं सिलिंडरमधून जास्तीचा कार्बन डायऑक्साइड सोडत. तो वाढला की गाठी वाढतात आणि हवेतला नायट्रोजन जास्त पकडतात, हे दाखवायला ती तीन वर्षं राबत होती. आणि आता फरकच नाही!

"काय गं, जुळी निघाली का?" शेजारच्या टेबलावरचा संशोधक गालातल्या गालात हसला. तिचा प्रबंध वेळेत झाला तर कायमची जागा तिची, नाहीतर त्याची.

तिच्या मनात पाल चुकचुकली. आजवर ती आजच्या हवेच्या खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडचा सकाळचा आकडा तेवढा पाहायची. आज तिनं मीटरची दिवसभराची नोंद काढली. आकडा रोज दुपारी एकला चढलेला आणि संध्याकाळपर्यंत न उतरलेला. रोज! म्हणजे हा गडी दुपारी गॅसची नळी इकडे वळवतो. वर साळसूदपणे चहा विचारतो, मेला.

एकला ती सिलिंडरांच्या आड दबा धरून बसली. तो फिरकलाच नाही. मुळं धुणाऱ्या चौघी बायका तेवढ्या डबे घेऊन आजच्या हवेच्या खोलीत शिरल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं दारावरच्या मीटरचा आकडा हलला. चारशे वीस, साडेचारशे, पाचशे. ती बघत राहिली. नळी जागची हलली नव्हती. आत चार माणसं श्वास घेत होती.

तिनं धाडकन दार उघडलं. "मावशी, इथं जेवता? रोज?"

"मग कुठं?" थोरली मावशी घास हातात धरून म्हणाली. "त्या दुसऱ्या खोलीत थांबू नका, तिथली हवा चांगली नाही, असं तुम्हीच बजावलंत. तेव्हापासून इथंच बसतो. तीन वर्षं झाली की."

रडावं की ओरडावं, तेच तिला कळेना. दाराची कडी हातात धरून ती नुसती उभी राहिली.

मावशीनं सरकून जागा केली. "या ना ताई, बसा. पण आधी ते दार लावा. आतली हवा बिघडते म्हणता ना?"